डोंगरकड्याचा राहिलेला सामना

सगळ्या पोरी धडधाकट परत आल्या, हे आधीच सांगून टाकते. कोल्हापुरात पाय ठेवल्यापासून जो भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतोय, कारण त्या दुपारी कुणीकुणी मोबाइलवर काढलेले व्हिडिओचे तुकडे आमच्याआधी इथं पोचले होते. त्यांत धूळ दिसते, डोकी दिसतात, आणि लोखंडी गोलपोस्ट झोपाळ्यासारखा डुलताना दिसतो. पुढं काय झालं ते काही दिसत नाही. ते सांगायला म्हणून हे लिहिते आहे.

मी शाळेत खेळ शिकवते आणि संध्याकाळी मुलींना फुटबॉल. आमच्या गावात फुटबॉलचं वेड पेठेपेठेत आहे. माझा धाकटा भाऊ संजू पेठेच्या संघातून खेळायचा. एका सामन्यात त्यानं अखेरच्या क्षणी गोल मारला आणि त्याच्याच पेठेची माणसं आनंदानं मैदानात घुसली. त्याला मारायला कुणी आलं नव्हतं, उचलायलाच आले होते. त्या उचलाउचलीत त्याचा गुडघा फिरला, तो कायमचाच. आज तो दुकान चालवतो आणि जिना उतरताना कठडा धरतो. त्यामुळं मैदानात गर्दी शिरली की ती रागानं आली की प्रेमानं, यात मला फारसा फरक वाटत नाही.

कनेरगाव नाका

वाशिमला दोन सामने खेळून आम्ही मिनीबसनं हिंगोली जिल्ह्यात शिरलो ते कनेरगाव नाक्यावरून. उन्हाळा नुकताच लागला होता. सकाळ गार आणि दुपार भाजणारी, असे दिवस. नाक्यावरच्या एका ढाब्यावर जेवायला थांबलो. ट्रॅकसूट घातलेल्या एवढ्या पोरी एकदम उतरलेल्या बघून ढाब्याच्या मालकानं आधी कबड्डीचा संघ का म्हणून विचारलं. फुटबॉल म्हटल्यावर तो गल्ल्यावरून उठून आमच्या बाकाशीच येऊन बसला.

"इतक्या दूर काहून आल्या मग? इकडं कोण खेळतंय फुटबाल?"

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरच्या पोरी खेळतात आणि त्यांनीच बोलावलंय, हे त्याला खरंच वाटेना. आमची गोलरक्षक श्रावणी त्याला म्हणाली, "मी त्यांचा व्हिडिओ बघितलोय की, लई भारी खेळतात." ती 'मी आलो, मी बघितलो' असं बोलते, जसं आमच्याकडं सगळ्याच बायका बोलतात. मालकाची बायको भाकरी थापता थापता हसायला लागली. पोरगी होऊन पोरासारखं बोलून राहिली, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. मग तिनं श्रावणीच्या ताटात एक भाकरी जास्तीची वाढली. ज्वारीची पातळ भाकरी, तिखटजाळ शेवभाजी आणि कच्चा कांदा. आमच्या तांबड्या रश्श्याला तिखट म्हणणाऱ्यांनी हा रस्सा एकदा खाऊन बघावा.

श्रावणीबद्दल इथंच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती घडलं. बारावीची परीक्षा देऊन ती थेट बसमध्ये बसली होती. तिची आई तिला पाठवायला तयार नव्हती. मी घरी जाऊन समजावल्यावर तयार झाली, पण निघताना माझा हात धरून एवढंच म्हणाली की, हरून आली तरी चालेल, धड आणा.

डोंगरकडा

हिंगोली मागं टाकून, कळमनुरीवरून पुढं गेलं की रान हळूहळू बदलतं. माळ संपतात, केळीचे पट्टे सुरू होतात, आणि हवेत हळदीचा वास यायला लागतो. हळद शिजवायचे दिवस होते. रस्त्याकडेच्या शेतांत मोठमोठ्या लोखंडी टाक्यांतून वाफ निघत होती आणि खळ्यांवर शिजलेली हळद वाळत पडली होती. पोरींना मी बस थांबवून दाखवली. आमच्याकडं सांगलीच्या बाजारात हळद येते ती पोत्यात. तिचं शेतातलं असं ओलं, मातकट, वाफाळतं रूप मीही पहिल्यांदाच पाहत होते.

प्रल्हाद राठोड वाटेतच उभा होता. तांड्यावरचा तिशीतला गडी, नांदेडला वसतिगृहात राहून शिकला आणि तिथंच फुटबॉलच्या नादाला लागला. परत आल्यावर त्यानं तांड्यावरच्या मुलींचा संघ उभा केला. सुरुवातीला त्या सलवारीवर खेळायच्या, मग आयांनीच अर्ध्या चड्ड्या शिवल्या, असं तो अभिमानानं सांगत होता. पूर्वी त्यांचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेत देशभर फिरायचे. आता बहुतेकजण शेती करतात. चालण्याची सवय मात्र रक्तातच आहे, असं तो म्हणाला, म्हणून आमच्या पोरी दमत न्हाईत.

आमची सोय घराघरांत केली होती. मी आणि श्रावणी शेवंताबाईंच्या घरी. त्यांची मुलगी कविता तांड्याच्या संघाची कर्णधार, आणि गोल मारणारी तीच. उंचीला बेताची, बोलायला त्याहून बेताची. श्रावणी मात्र अखंड बोलणारी. संध्याकाळपर्यंत दोघी ओट्यावर बसून एकमेकींचे बूट घालून बघत होत्या. उद्या एकमेकींविरुद्ध खेळायचंय याची दोघींनाही काही अडचण दिसत नव्हती.

सकाळी एक गंमत झाली. शेवंताबाईंनी आतून विचारलं की सुशीला चालंल का. श्रावणीला वाटलं कुणी पाहुणी आली आहे. ती म्हणाली, चालेल की, येऊ द्या. मग परातभर चुरमुऱ्यांचा पदार्थ समोर आला. भिजवून पिळलेले चुरमुरे, त्यांना फोडणी, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. याचंच नाव सुशीला. आम्ही चुरमुरे भडंगासाठी ठेवतो, ते भिजवून खायची कल्पना आम्हाला नवी होती. कविता इतकी हसली की तिला ठसका लागला.

मैदान तांडा आणि गाव यांच्या मधल्या माळावर होतं. खडे वेचलेले, फक्कीनं आखलेल्या रेघा, लोखंडी पाइपांचे गोलपोस्ट, आणि कडेनं बांबू रोवून बांधलेली दोरी. दोरी रेघेला अगदी लागून होती. मी प्रल्हादला म्हटलं की, ती मागं घ्या, मधे जागा ठेवा. त्यानं मान डोलावली, पण तोवर माणसं यायला लागली होती. डोंगरकड्यातून, आसपासच्या खेड्यांतून, दुसऱ्या तांड्यांवरून. बायका लेकरांना घेऊन दोरीला चिकटून बसल्या, त्यांच्या मागं पोरं आणि गडी उभे राहिले, त्यांच्याही मागं मोटारसायकलींवर चढून आणखी. मग दोरी मागं घ्यायला जागाच उरली नाही.

सामना छान झाला, हे मला आता सांगता येतं. पहिल्या अर्ध्यात आमच्या पोरींनी गोल केला. प्रेक्षकांनी आमच्या गोललाही टाळ्या वाजवल्या, ते बघून मी जरा सैलावले. दुसऱ्या अर्ध्यात तांड्याच्या पोरींनी आम्हाला आमच्याच अंगणात कोंडलं. श्रावणीनं कविताचे दोन फटके अडवले. सामना संपत आला होता. कविता दोघींना चुकवून एकटीच पुढं आली, श्रावणी गोल सोडून धावली आणि तिच्या पायांत झेपावली. चेंडू श्रावणीच्या हाताला लागला आणि तिच्या अंगावरून हळूच घरंगळत रेघेपलीकडं गेला. बरोबरी झाली.

श्रावणी अजून जमिनीवरच पडलेली होती, आणि दोरी तुटली.

मी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला होते. मी धावले, पण चार पावलांनंतर मला धावणं राहिलंच नाही, गर्दी नेईल तिकडं जाणं राहिलं. डफ वाजत होते, कुणी गुलालाऐवजी हळदच उधळली होती. सगळे चेहरे आनंदाचे होते. मी 'पोरगी खाली आहे, पोरगी खाली आहे' असं ओरडत होते आणि लोक माझ्याकडं बघून हसत होते, त्यांना वाटत होतं मीही आनंदानं ओरडतेय. गोलच्या जाळ्यावर पोरं लटकली होती. लोखंडी पोस्ट पुढंमागं हलत होता, आणि त्याच्याच पुढ्यात कुठंतरी श्रावणी पडलेली होती. तिच्या आईचा माझ्या मनगटावरचा हात मला खरोखर जाणवला.

प्रल्हाद कर्णा हातात घेऊन लोकांना मैदान सोडा, मैदान सोडा असं सांगत होता. त्यानं उलट रेटारेटी वाढली, कारण पुढचे मागं वळले आणि मागचे पुढं येतच राहिले. मी कशीतरी त्याच्यापर्यंत पोचले आणि त्याचा दंड धरला.

"जा म्हणू नका. खाली बसा म्हणा. जिथं आहात तिथं बसा म्हणा."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मग तो गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, बोलायला लागला, पुन्हा तेच मराठीत. आधी बायका बसल्या. मग त्यांच्या जवळची लेकरं. वाऱ्यानं पीक झुकावं तशी ती माणसं एका बाजूनं बसत गेली, जाळ्यावरची पोरं उतरली, आणि धुळीतून मला गोल दिसला.

गोलपुढं कविता गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवी होती, गाय वासरावर उभी राहते तशी. तिच्याभोवती तिच्या संघातल्या पोरी हातात हात अडकवून, बाहेर तोंड करून उभ्या होत्या. कविताच्या सदऱ्यावर पाठभर बुटांचे आणि चपलांचे ठसे होते. तिच्याखाली श्रावणी पोटाशी गुडघे घेऊन पडली होती.

मी खाली बसले. श्रावणीनं डोळे उघडले, ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मी बरी हाय ताई. हिच्या पाठीचं बघा आधी."

नंतर कळलं ते असं. कविताला तिच्या चुलतभावांनी खांद्यावर उचललं होतं. वरून तिला श्रावणी खाली पडलेली दिसली. तिनं त्यांना सांगितलं, पण डफांत कुणाला ऐकू जाईना. तेव्हा तिनं भावाच्या केसांना धरून हिसडा दिला, खाली उडी मारली आणि श्रावणीवर ओणवी झाली. बाकीच्या पोरी तिच्या मागोमाग आल्या.

बाळापूर

प्रल्हादच्या जीपमधून आम्ही दोघींना घेऊन आखाडा बाळापूरच्या दवाखान्यात गेलो. श्रावणीचं डावं मनगट सुजलं होतं, कविताला पाठ वाकवता येत नव्हती. वाटेत दोघी एकमेकींच्या दुखण्याची चौकशी करत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत होते, कारण मला दोघींकडं बघवत नव्हतं. शेवंताबाई आमच्या समोर बसल्या होत्या. त्यांनी सबंध वाटेत लेकीचा पाय धरून ठेवला होता.

डॉक्टर शांत गृहस्थ होते. एक्स-रेचे फोटो उजेडाला धरून त्यांनी सांगितलं की, हाडं शाबूत आहेत, दोघींचीही. मनगट मुरगळलंय, पाठीला मुका मार आहे. दोघींनी काही दिवस खेळायचं नाही. बाकी काही नाही. ते आणखीही बरंच सांगत होते, पण मला 'शाबूत' या शब्दापुढचं ऐकूच आलं नाही. शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं, आणि उगाच पुन्हा एकदा धुतलं.

मग श्रावणीच्या आईला फोन केला. काहीही न लपवता सगळं सांगितलं. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. मग त्यांनी विचारलं, "आणि ती दुसरी पोरगी? तिला कुणी आहे का जवळ?" आई आहे, असं मी सांगितलं. तिच्याशी बोलायचंय म्हणाल्या. मी फोन शेवंताबाईंना दिला. एक कोल्हापूरची, एक तांड्यावरची, दोघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळलं असेल की नाही कोण जाणे, पण त्या खूप वेळ बोलल्या.

तांड्यावर

संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर माणसं जमली. तांड्याचे प्रमुख, ज्यांना सगळे नाईक म्हणतात, ते म्हातारे गृहस्थ आले. गावचे सरपंच आले, नांदेडहून आलेले पंचही होते. पंचांचं म्हणणं साफ होतं. गोल धरला जाईल, पण सामना थांबलेला आहे. उरलेला वेळ आणि लागला तर टायब्रेकर, हे मैदान सुरक्षित असेल तरच. नाहीतर ते सामना रद्द करून जाणार.

मी सांगितलं की आम्ही सकाळी निघतो. कुणावर राग नाही, पण पोरींना पुन्हा त्या मैदानात उतरवायची माझी हिंमत नाही. नाईकांनी मान खाली घातली. सरपंच म्हणाले की, जे पोरं पहिल्यांदा घुसले त्यांना शोधून काढू, पोलिसात देऊ. तेव्हा शेवंताबाई बोलल्या.

"कोण घुसलं म्हणता? सगळ्यात आधी दोरीच्या आत मीच होते. मी धावले न्हाई. मागून रेटा आला अन् माझे पाय जमिनीवरून उचलले. माझ्या लेकीच्या पाठीवर माझाच पाय पडला असंल, मला काय माहीत."

मला संजूचा सामना आठवला. त्या वेळी आम्हीही पुढच्यांनाच दोष दिला होता. मागं कोण ढकलत होतं आणि त्या मागच्यांना काही दिसत तरी होतं का, हे कुणीच विचारलं नव्हतं.

मग बोलणं बदलत गेलं. शिक्षेवरून ते जागेवर आलं. रेघ आणि माणसं यांच्या मधे मोकळी पट्टी हवी. उभं कुणी राहायचं नाही, म्हणजे मागच्यांना दिसेल आणि ते रेटणार नाहीत. दोरी नको, दोरीत पाय अडकतात. मग अडवायचं कशानं, यावर नाईक म्हणाले की ट्रॉल्या लावा, मधे मधे वाट सोडून, आणि बसणाऱ्यांनी ट्रॉल्यांमागं बसावं नाहीतर ट्रॉलीत. सरपंचांनी आठवण दिली की हळदीचा हंगाम आहे, एकही ट्रॉली मोकळी नाही. नाईकांनी फक्त एवढंच विचारलं की, हळद एक सकाळ थांबली तर सडते का?

तरीही मी हो म्हटलं नव्हतं. मी पोरींना विचारलं. श्रावणी सुजलेला हात गळ्यात बांधून बसली होती, ती म्हणाली, "आत्ता गेलो तर ताई, आम्हाला ही धूळच आठवत राहणार. मला नाही खेळता येणार, पण ह्यांना खेळू द्या की."

कवितानं खाली बघतच सांगितलं की, आमचा गोल झालाय, पण तो आम्ही अजून धड पाहिला पण न्हाई.

मी हो म्हटलं.

पुन्हा माळावर

सकाळी उठून बघितलं तर माळावर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. काही ट्रॉल्यांच्या तळाला अजून पिवळी माती होती. त्या मैदानाच्या चारी बाजूंनी लागत गेल्या, रेघेपासून चांगल्या लांब, मधे माणूस सहज जाईल एवढ्या वाटा सोडून. कालची जाळ्यावर लटकणारी पोरं गोलपोस्टचे पाय खड्ड्यात गाडून दगडांनी ठोकत होती. कुणी सांगितलं होतं की आपणहून आली होती, मी विचारलं नाही.

आज आवाज कमी होता. लोक येत होते आणि बसत होते. म्हाताऱ्या माणसांना ट्रॉलीत वर चढवलं. डफवाले एका कोपऱ्यात बसून होते. श्रावणी आणि कविता माझ्या दोन बाजूंना बाकावर बसल्या, एकीचा हात बांधलेला, दुसरीची पाठ ताठ. दोघी मिळून केळी खात होत्या.

उरलेल्या वेळात कुणालाच गोल करता आला नाही. टायब्रेकर लागला. आमची राखीव गोलरक्षक सानिका लहान आहे, प्रत्येक फटक्याआधी ती वळून श्रावणीकडं बघत होती. तिनं एक फटका अडवला. त्यांच्या गोलरक्षकानं दोन अडवले. शेवटचा फटका तांड्याच्या पोरीचा होता, आणि तो जाळ्यात गेला. तांडा जिंकला.

मी चेंडूकडं बघतच नव्हते. मी ट्रॉल्यांकडं बघत होते.

ट्रॉल्यांवरची माणसं ओरडत होती, डफ जोरात वाजायला लागले, बायका पदर उडवत होत्या. एक आजोबा ट्रॉलीत उभं राहायला लागले, तर शेजारच्यांनी त्यांचं धोतर धरून खाली बसवलं. रेघ आणि माणसं यांच्यामधली ती मोकळी पट्टी मात्र मोकळीच राहिली. एकही पाय तिच्यावर पडला नाही. जिंकलेल्या पोरी मैदानाच्या मध्यावर उभ्या राहून वाट बघत होत्या, आपल्याला कुणी उचलायला येईल म्हणून. कुणी येईना. मग त्यांच्यातली एक हसली आणि स्वतःच धावत सुटली, तिच्या मागं बाकीच्या. पट्टी ओलांडून त्या आपापल्या आयांकडं, आजोबांकडं गेल्या, ट्रॉल्यांच्या चाकांवर पाय देऊन वर चढल्या. कविता माझ्या शेजारून सावकाश उठली आणि पाठ सांभाळत त्यांच्यामागं चालत गेली. शेवंताबाई जागेवर बसूनच दोन्ही हात पसरून थांबल्या होत्या.

आमच्या पोरी रडवेल्या होऊन बाकाशी आल्या. श्रावणीनं बऱ्या हातानं सानिकाच्या डोक्यावर थोपटलं आणि माझ्याकडं वळली.

"हरलो की ओ ताई."

व्हय, हरलो, असं मी म्हटलं, आणि तिच्या आईचं निघतानाचं बोलणं आठवून मला हसू आवरेना. माझ्या पोरी माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनाही हसू यायला लागलं.